डाग काढा, बाकी तसंच ठेवा

धंद्यात इतकी वर्षं घालवली, तरी अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात देताना मी घाबरतेच. समोरचा माणूस पानं उलटत असतो आणि मी त्याच्या भुवया बघत असते. एक भुवई जरा वर गेली की पुढचं पान मीच उलटते. माझा नवरा म्हणतो, तू फोटोग्राफर कसली, रिझल्टला आलेली दहावीची पोरगी आहेस. त्याला म्हणायला काय जातं. त्याचं किराण्याचं दुकान आहे. साखर गोड लागली नाही म्हणून कुणी परत आणून त्याच्या तोंडावर टाकत नाही.

बरं, एवढी भित्री आहे तर गिऱ्हाईक म्हणेल तसं मुकाट्याने करून द्यावं ना. तेही जमत नाही. देवपुरात माझा स्टुडिओ आहे आणि आख्ख्या धुळ्यात मी हट्टी बाई म्हणून बदनाम आहे. नियम माझा साधा आहे: चेहऱ्यावर आलेलं काढीन, असलेलं काढणार नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला पुरळ आली, डास चावला, जागरणाने डोळ्यांखाली काळं झालं, तर ते जाईल. तीळ, व्रण, सावळा रंग, पुढे आलेला दात, हे राहील. सावळ्या पोरींना गोरं करून मागणाऱ्या आयांशी मी किती भांडले असेन याची गणती नाही. एकीने तर सुनावलं होतं, तुमच्या घरचं काय जातं, पोरगी आमची, रंग आमचा, पैसे आमचे. तिचं चुकलं असं मी छातीठोकपणे सांगू शकले नाही. पण फोटोही बदलला नाही. ती पुलापलीकडच्या स्टुडिओत गेली आणि तिचं काम झालं.

अशात एका सकाळी, नुकती कुठे थंडी पडायला लागली होती, अक्का आल्या. पिंपळनेरकडच्या गावातून पहिल्या बसने निघून एकट्याच आल्या होत्या. मी त्यांना लगेच ओळखलं. त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते, आणि त्या आख्ख्या अल्बममध्ये वरमाईचा चेहरा कुठेच नव्हता. पाठ होती, पदर होता, आहेर देणारा हात होता. स्टेजवर बोलावलं की त्या जावेला पुढे करायच्या. मी तेव्हा आग्रह केला नव्हता. का ते दिसतच होतं. अक्कांच्या चेहऱ्यावर कोड होतं.

दुसरं मूल पोटातच गेलं, त्यानंतर ते सुरू झालं म्हणे. आधी ओठाच्या कोपऱ्याला, मग डोळ्यांभोवती, मग कपाळभर, हनुवटीवर, एका गालावर. दुसरा गाल तेवढा मूळचा राहिला होता, सावळा आणि तुकतुकीत. नवरा लवकर गेला. शेती त्यांनीच केली, मुलाला त्यांनीच वाढवलं. बाजारात, शेतात, बँकेत त्या ताठ चालत. कॅमेरा दिसला की मात्र मागे सरत.

त्या आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या की मागचा फोटो काढायचा आहे. मागचा म्हणजे मेल्यानंतर लावतात तो. हृदयाची झडप खराब झाली होती, धुळ्यातच ऑपरेशन ठरत होतं, आणि डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलेलं सगळं त्यांनी दाराआडून ऐकलं होतं. त्यांना मरणाची भीती नव्हती असं मी म्हणणार नाही, होती. पण जास्त भीती गंधमुक्तीची, म्हणजे उत्तरकार्याची होती. आमच्याकडे त्या दिवशी भाऊबंद, सोयरे, आख्खं गाव मंडपात येऊन बसतं. खुर्चीवर फोटो ठेवलेला असतो आणि येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर वाकतो. जाऊ वारली तेव्हा घरात तिचा एकही फोटो निघेना. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून लावला. अक्का सांगत होत्या की जाऊ बिचारी चोरी करताना पकडल्यासारखी दिसत होती आणि लोक तिच्या पाया पडत होते.

मी त्यांना स्टुलावर बसवलं. त्यांनी पिशवीतून पावडरचा डबा काढला, तोंडाला चोपडली आणि कॅमेऱ्याकडे फक्त तो चांगला गाल करून, श्वास रोखून बसल्या. असा फोटो काढून काय करणार. मी उगाच लाइट हलवत बसले, आणि हलवता हलवता कळण्याच्या भाकरीचा विषय काढला. म्हटलं, माझी भाकरी थापताना चिरते, मी ज्वारीत उडीद निम्मे घालते. अक्कांना ते सहनच झालं नाही. निम्मे उडीद कोण घालतं, असं म्हणून त्या पुरत्या माझ्याकडे वळल्या. रागावल्या होत्या आणि हसतही होत्या. तेवढ्यात मी बटण दाबलं.

आपल्याच कामावर खूश व्हावं असं माझ्या बाबतीत क्वचित होतं. त्या दिवशी झालं. पडद्यावर अक्का आल्या. सूनबाईला स्वयंपाक शिकवणारी, शेत राखणारी, कुणाच्या बापाला न भिणारी बाई होती ती. कोड होतं, पण ते बघायला नजर थांबतच नव्हती. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि त्यांच्या भुवया बघत उभी राहिले.

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "हाऊ तुना फोटू शे, माय. मना कोठे शे?"

तुझा फोटो, म्हणे, माझा कुठे आहे! मला राग आला. खरंच आला. मी माझा नियम सांगितला, आलेलं आणि असलेलं. म्हटलं, चेहऱ्याला हात लावणार नाही. अक्का ऐकत होत्या. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "मी जलमनी तवय हाई व्हतं का? मागून उनं ना? मंग काढ." जन्मताना नव्हतं, मागून आलं, म्हणजे तुझ्याच नियमात बसतं. आता घ्या. मी म्हटलं, अक्का, आलं खरं, पण गेलं नाही ना, इतकी वर्षं राहिलं, म्हणजे आता ते तुमचंच. त्यावर त्यांनी विचारलं की पाहुणा मुक्कामाला राहिला म्हणून सातबारा त्याच्या नावावर होतो का. मी बघते म्हणाले. त्यांनी पिशवी उचलली आणि जाताना सांगून गेल्या की ऑपरेशनच्या आधी डोळ्यांनी बघितला म्हणजे त्या टेबलावर स्वस्थ झोपतील, नाहीतर जीव त्यातच अडकून राहील.

झालं. त्या गेल्या आणि माझ्या जिवाला घोर लावून गेल्या. रोज दुपारी दुकान शांत झालं की मी तो फोटो उघडायची. ब्रश घ्यायची, ओठाजवळचा पांढरा भाग जरा झाकायची आणि लगेच पुसायची. ओठाजवळचं झाकलं की तिथली हसण्याची चुणी जायची. डोळ्याजवळचं झाकलं की राग जायचा. शेवटी एक कोणीतरी सावळी बाई उरायची, बऱ्या घरची, टीव्हीवरच्या जाहिरातीत पापड तळणारी. मी फाइल बंद करायची आणि चहा प्यायला उठायची. मनात एकच यायचं. हा असाच ठेवला आणि टेबलावर काही झालं, तर ती बाई माझ्या हट्टापायी अस्वस्थ गेली. साफ करून दिला आणि काही झालं, तर त्या मंडपात लोक जिच्यापुढे वाकतील ती अक्का नव्हेच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि ढकलणारी मीच.

त्यांच्या मुलाचे फोन यायला लागले. माणूस मऊ बोलणारा. ताई, झालं का, एवढंच विचारायचा. मी होतंय म्हणायची. एकदा म्हणाला, "ताई, आईचं समाधान होऊ द्या. तिने आजवर काही मागितलं नाही." नवऱ्यालाही मी सगळं सांगून बसले. तो वजनकाट्यावर शेंगदाणे टाकत म्हणाला, अगं, बाईला हवं ते दे की, तुझ्या घरात थोडाच लावायचा आहे. मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही, कारण तो बरोबर असेल तर काय, ही शंका मलाच खात होती.

त्याच आठवड्यात रावेरला लग्न होतं. केळीवाल्यांचं लग्न म्हणजे मंडपच गावाएवढा. बाहेर रस्त्यावर केळीच्या घडांनी लादलेले ट्रक उभे आणि नवरदेवाची वरात त्यांच्यातून वाट काढत येतेय. फाइल मी लॅपटॉपमध्ये बरोबर घेऊन फिरत होते, करीन करीन म्हणत. ऐन हळदीच्या वेळी मुलाचा फोन आला. तारीख अलीकडे आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑपरेशन होतं, अक्का दवाखान्यात दाखल झाल्या होत्या आणि सारखं विचारत होत्या की फोटोवाली आली का.

नवरीच्या गालाला हळद लागत होती, मी फोकस करत होते आणि फोकस काही लागत नव्हता. तेव्हा मी ठरवलं. भांडण संपलं, अक्का जिंकल्या, त्यांना हवा तसा द्यायचा. जळगावात एक जण आहे, आमचे अल्बम तोच डिझाइन करतो, हात सफाईदार आहे. मंडपाच्या मागे, आचाऱ्यांच्या भट्टीजवळ बसून मी त्याला फाइल पाठवली आणि लिहिलं, चेहऱ्यावरचे डाग काढा, बाकी तसंच ठेवा, फ्रेम करून ठेवा, संध्याकाळी घेऊन जाते. तासाभराने त्याने मोबाइलवर नमुना पाठवला. भर उन्हात, चार बोटांएवढ्या पडद्यावर, एका हाताने पदर सावरत मी तो बघितला. हसू तसंच होतं, चुणी तशीच होती. माझ्या ब्रशला जे जमलं नव्हतं ते त्याने केलं होतं. मी करा म्हणून कळवलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

संध्याकाळी जळगावला त्याच्या दुकानात पोहोचले. त्याने कागदात बांधलेली फ्रेम हातात दिली. मी कागद सोडला.

अक्का पांढऱ्याफटक होत्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकसारख्या, दोन्ही गाल सारखे. हसत होत्या, रागावत होत्या, सगळं होतं, फक्त तो सावळा गाल नव्हता. मी फ्रेम टेबलावर पालथी घातली. तो बिचारा घाबरला. काय झालं ताई, म्हणाला. मग अगदी सरळपणे सांगितलं, "एकच मोठा डाग होता, एका गालावर. तो काढला."

त्याला काय बोलणार. त्याने अक्कांना कधी पाहिलं नव्हतं. चेहऱ्यावर जो रंग जास्त तो चेहऱ्याचा आणि कमी तो डागाचा, हा आमच्या धंद्यातला साधा हिशेब, मीही हजारदा तसंच केलं आहे. लिहिताना कोड हा शब्द मीच टाळला होता, बोटांना तो लिहवला नाही. मी विचारलं, उलटं करता येईल का, सगळा चेहरा त्या गालाच्या रंगाचा. तो म्हणाला, होईल, पण आता बसून होणार नाही, सकाळी देतो. सकाळी अक्का टेबलावर असणार होत्या. मग मी त्याला म्हटलं, मूळ फोटो आहे तसा छाप, काही करू नको, अशीच दुसरी फ्रेम घाल. तेवढं त्याने माझ्यासमोर करून दिलं.

जळगाव ते धुळे रस्ता मी कसा काढला माझं मला माहीत. दोन फ्रेमा मांडीवर होत्या. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. अक्का, चूक झाली. अक्का, हा तात्पुरता आहे. अक्का, फोटो झालाच नाही. ड्रायव्हरने विचारलं, ताई, तब्येत बरी नाही का. मी त्याच्यावर खेकसले.

दवाखान्यात भेटायची वेळ संपत आली होती. अक्का खाटेवर बसल्या होत्या. हातातल्या पाटल्या काढलेल्या, केस घट्ट बांधलेले, आणि त्या एकाएकी लहान दिसत होत्या. मुलगा शेजारी होता. माझ्या तोंडून काही निघायच्या आत त्याने वरची फ्रेम हातातून घेतली आणि कागद काढला. ती पांढरी होती. त्याचा चेहरा असा उजळला की माझं वाक्य तोंडातच राहिलं. वा ताई, म्हणाला, किती छान केलाय. मग आईसमोर धरला. म्हणाला, बघ आई, एक डाग नाही.

अक्कांनी फ्रेम मांडीवर घेतली. त्यांनी चष्मा मागितला, मुलाने घातला. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे मान वर केली आणि विचारलं, "बठ्ठं पसरी गयं का मंग?"

सगळं पसरलं का शेवटी. एवढंच. रागाने नाही म्हणाल्या, थट्टेनेही नाही. डॉक्टरला विचारावं तसं विचारलं. आणि मला कळलं की मी काय आणलंय. ही बाई तरुणपणापासून रोज सकाळी आरशात एकच गोष्ट बघत आली असणार, की रात्रीतून ते कुठवर आलंय. त्या एका गालावर तिने किती जीव टांगून ठेवला असेल. आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी तिच्या हातात तो गालही गेल्याचा फोटो दिला होता, सोनेरी चौकटीत. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही, पण थांबेना.

मी दुसरी फ्रेम सोडली आणि त्यांच्यापुढे केली. त्यांनी पांढरी बाजूला सारली. दुसरीवर हात ठेवला, सावळ्या गालावरच, तळहात पूर्ण टेकवून.

"हाऊच ठेव," त्या मुलाला म्हणाल्या. "याम्हा एक गाल तरी मना शे."

नर्स आली आणि तिने आम्हाला बाहेर काढलं. व्हरांड्यात मी मुलाला म्हटलं, भाऊ, ती पांढरी मला परत द्या, माझ्याकडून चूक झाली आहे, मी फोडून टाकते. त्याने फ्रेम छातीशी धरली आणि मान हलवली. मी म्हटलं, तुम्ही ऐकलंत ना त्या काय म्हणाल्या. ऐकलं, तो म्हणाला. मग फ्रेम आणखी घट्ट धरली. म्हणाला, "शाळेतली पोरं माझ्या डब्यातलं खायची नाहीत, ताई. आईच्या हाताचं म्हणून. हिला हसणारे लोकच त्या दिवशी मंडपात येतील. एकदा तरी त्यांनी हिला अशी बघू दे." त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण अक्कांचा तळहात माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मी हात पुढे केला, तो मागे सरला, आणि दोन्ही फ्रेमा त्याच्या घरी गेल्या.

ऑपरेशन नीट झालं. अक्का घरी आल्या, शेतात जायला लागल्या, मला कळण्याचं पीठ पाठवायला लागल्या, उडीद बेताचे घातलेलं. लोक म्हणतील, मग सुंठीवाचून खोकला गेला. कुठला गेला. फोटो फळीवर कापडात गुंडाळून ठेवले होते, दोन्ही, आणि निवड मुलाच्या हातात होती. जिचा फोटो, ती तेव्हा बघायला नसणार. त्याचा नंबर मोबाइलवर दिसला की तीच बातमी आली असं वाटायचं. तो कधी दिवाळीच्या शुभेच्छा द्यायचा, कधी मेव्हणीच्या साखरपुड्याची तारीख विचारायचा. मी फोन ठेवला की भिंतीला टेकून उभी राहायची. नवरा म्हणायचा, अजून आहेत ना अक्का, मग झालं तर. त्याला काय सांगू की आहेत म्हणूनच घोर आहे.

गेल्या हिवाळ्यात जळगावला लग्नात होते. वरमाला व्हायची होती, नवरा-नवरी समोरासमोर उभे होते, आणि खांद्यावरच्या बॅगेत फोन थरथरला. नाव बघितलं. मी घेणार नव्हते. घेतला.

"ताई, आई गेली," तो म्हणाला. सकाळी, झोपेत. माझ्यामागे बँडवाले सुरू झाले होते, मी कान दाबून मंडपाच्या बाहेर आले. तो म्हणाला की दोन्ही फोटो काढून समोर ठेवलेत. पांढऱ्यासमोर बसून राहिलोय, ताई, रडूच येत नाही. आणि तो दुसरा नुसता उघडला तरी धीर सुटतो. पण लोक येतील ना ताई. कोणता लावू, तुम्ही सांगा.

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले होते कोणता फोटो चांगला. लावा तो खरा, असं म्हणणं किती सोपं, मंडपात मला थोडंच बसायचं होतं. मी म्हटलं, भाऊ, फोटोचं नंतर बघू, आधी तो दुसरा उघडा आणि रडून घ्या. त्याने उघडला असावा. मी फोन कानाला धरून उभी राहिले. त्या लग्नाच्या अल्बममध्ये वरमालेचा फोटो नाही, आणि नवरीचा बाप मला आजही रस्त्यात दिसला की तोंड फिरवतो. बरोबरच आहे त्याचं.

गंधमुक्तीला मी गेले. बस पिंपळनेरच्या जवळ आली तरी डोक्यात एकच होतं, कोणता लावला असेल. मंडप भरला होता. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, मध्ये खुर्ची. मी चपला काढतानाच मान उंच करून बघितलं.

खरा फोटो होता. पण झेंडूचा असा जाडजूड हार घातला होता, आणि तो असा एका बाजूला ओढून लावला होता, की कपाळ, डोळ्याचा कोपरा आणि पांढरा गाल फुलांखाली गेला होता. सावळा गाल आणि अर्धं हसू तेवढं बाहेर होतं. येणारे वाकत होते, उठत होते, जागेवर जाऊन बसत होते. मुलगा खुर्चीच्या अगदी जवळ उभा होता आणि कुणी फार वेळ बघायला लागलं की हार नीट करायचा.

माझी पाळी आली. मी फुलं वाहिली. हात हाराकडे गेला आणि मी तो परत घेतला. माझा नव्हता तो फोटो, आणि आई माझी नव्हती. मी नुसती मुलाकडे बघून मान हलवली, ठीक आहे म्हणून. खरंच ठीक वाटत होतं मला, एवढं तरी त्याने केलं.

मी वळले तेव्हा मागे कुजबुज थांबल्यासारखी झाली, म्हणून बघितलं. त्याने दोन्ही हातांनी हार उचलला होता आणि सरळ करून दोन्ही बाजूंना सोडला होता. आख्खा चेहरा दिसत होता. पुढे बसलेल्या बाया बघत होत्या.

तो फोटोला पाठ करून लोकांकडे तोंड करून उभा राहिला आणि पुढच्या माणसाला म्हणाला, "या, आबा. मनी माय शे."